तोंडातला डोंगर

"आश्रुबाची सिताफळं! आश्रुबाची गोड सिताफळं!"

बीडच्या कोतवाली वेशीखाली सलीमने हाळी दिली आणि भिवराबाईच्या डोक्यावरची पिठाची पाटी कलली. पीठ सांडलं नाही. खांद्यावर थोडं उडालं, एवढंच. सलीम तिला परका नव्हता. ज्या इमामबीच्या आवारात ती खोपी भाड्याने घेऊन राहत होती, दळणं दळून पोट भरत होती, त्या इमामबीचा तो जावई. दरसाल दसऱ्यानंतर तो सिताफळं विकायचा आणि दरसाल "नेकनूरची सिताफळं" म्हणून ओरडायचा, कारण माल नेकनूरच्या बाजारातून यायचा. यंदा तो गाडी घेऊन थेट डोंगरापर्यंत गेला होता. म्हणून डोंगराचं नाव. त्याला ते जड गेलं नाही. वेशीत उभ्या असलेल्या कुणालाच ते जड गेलं नाही. टांगेवाला म्हणाला, "आश्रुबाची हायत का खरंच? मग दे दोन." एक म्हातारा म्हणाला, "आश्रुबाच्या फळात बी कमी असतं." आश्रुबा, आश्रुबा. लोक ते नाव शेंगांच्या टरफलासारखं तोंडातून टाकत होते, आणि भिवराबाई पाटी धरून उभी होती, कारण त्या डोंगराचं जे नाव तेच तिच्या नवऱ्याचं नाव, आणि ते तिच्या तोंडून आज दुपारी मुन्सफ कोर्टात निघायचं होतं.

निघालं तर बाग तिची. नाही निघालं तर नाही.

नेकनूरच्या बाजारातून पाहिलं तर तो डोंगर उठायच्या बेतात असलेल्या बैलासारखा दिसतो; मागचा भाग उचललेला, पुढचे गुडघे अजून भुईवर. पाटोद्याच्या बाजूने आलं की बैल नाहीसा होतो आणि एक उभा कडा राहतो, कुऱ्हाडीने तासल्यासारखा. नारायणगडावरून नुसता एक खांदा. मांजरसुंब्याच्या घाटात गाडी चढत असली की तो घडीत डावीकडे, घडीत उजवीकडे, आणि गाडीवान म्हणतो, बघा, आपल्याबरूबर चाललाय. बीडमधून तो दिसत नाही. खंडेश्वरीच्या टेकडीवर जावं, हवा धुतलेली असावी, तर दक्षिणेला नखाएवढा. भिवराबाई गावातून हाकलली गेल्यावर पहिल्या वर्षी ती टेकडी रोज चढायची. देवीला जाते म्हणून सांगायची. देवीकडे तिची पाठ असायची.

माहेर त्याच्या उगवतीला, सासर मावळतीला. माहेरी असताना ती ते नाव हवं तेवढं घ्यायची. शेळ्या कुठं गेल्या, आश्रुबावर. ढग कुठून आले, आश्रुबावरून. त्याच्या माथ्यावर शेंदूर फासलेला एक धोंडा आहे, तोच आश्रुबा. त्याला नवस बोलून झालेला पोरगा म्हणजे पुन्हा आश्रुबा. भोवतालच्या गावांत दर चार घरांआड एक. आणि त्या प्रत्येक घरात एक बाई, जिला रोज दारात उभा असलेला डोंगर दिसतो आणि त्याला हाक नाही. कुणी त्याला थोरला म्हणते, कुणी तिकडचा, कुणी नुसती हनुवटी उचलते. तिच्या सासरच्या बायका म्हणायच्या, वरचा. लग्न ठरलं तेव्हा आईने, बायनाबाईने, हळद कालवता कालवता सांगितलं होतं: "आता त्यो डोंगर इसर. म्हंजी डोंगर ऱ्हाऊ दे, नाव इसर." नाव विसरल्यावर डोंगर कसा ठेवायचा ते मात्र आईने सांगितलं नाही. तिलाही सांगितलं नसेल कुणी.

सासरी गेल्यावर पहिल्याच आठवड्यात ती पाटी घेऊन निघाली होती आणि सासूने, कौसल्याबाईने, विचारलं, कुठं गं? शेणाला जाते, ———वर. सवयीने गेलं तोंडातून. ओट्यावर बायका बसल्या होत्या. एकीने दुसरीच्या मांडीवर थाप मारली. "आगं बया, ———वर चालली म्हणं! भर दिवसा!" त्या अशा हसल्या की कुणाच्या तरी कडेवरचं पोर भोकाड पसरून रडायला लागलं. भिवरेला त्यातलं काही कळलं नाही, वय नव्हतं कळायचं. कौसल्याबाईही हसली आणि हसता हसताच तिने भिवरेच्या तोंडावर मारलं. हसणं आणि मार एकाच हाताने आल्यासारखे आले. "नाव घेतल्यानं धन्याचं आयुक्ष तुटतं. कावून घेतलंस?" त्या दिवसापासून डोंगर भिवरेच्या तोंडात अडकून राहिला. डोळ्यांसमोर होता. पायांखाली होता. त्याच्या काट्यांनी टाचा भरल्या होत्या. तोंडात मात्र दातामागे, तिथे जीभ गेली की मागे यायची.

पीठ पोचवून ती खोपीकडे परतली. इमामबी दारात बसून सुपारी कातरत होती.

"आज पेशी ना गे तेरी?"

"हाय."

"बोलेंगी ना नाम?"

भिवराबाई उखळाशेजारी बसली. तिने तोंड उघडलं. आ आला. आ सोपा, तो नुसता श्वास. पुढे जीभ टाळूकडे उचलावी लागते आणि तिथे ती थांबली, वेठीला धरलेल्या जनावरासारखी. इमामबी वाट पाहून हसली.

"अग्गे मरद की लात खाई, गाली खाई, घर सें निकली. नाम मेंच क्या जहर है? मैं तो बोलती थी बुढ्ढे कू नाम सें. मकसूद, इदर आ. मकसूद, मर."

"मंग मेले का?"

"मरे. लेकिन बहोत दिनां बाद." इमामबीने सुपारी तोंडात टाकली. "नाम सें नै मरे. हगवण सें मरे."

भिवराबाईही हसली. पण मनात तो धागा सुटेना. आयुष्य तुटतं. ती नवऱ्याला मरण चिंतत नव्हती असं नाही. चिंतत होती. दळताना जात्याच्या प्रत्येक फेऱ्याला चिंतत होती. ज्या दिवशी त्याने गीताबाईला आणून ओट्यावर बसवलं आणि हिला म्हणाला, तुझी कूस वांझ, एक झालं ते बी मेलेलं, तुझं काय काम, त्या दिवसापासून. मग नाव का घेत नव्हती? एका शब्दाने तुटतं म्हणतात, तर तो शब्द तिच्याजवळ होता, फुकट होता. इतकी वर्षं दात मिटून तिनेच त्याला जगवलं, म्हणजे तो तिच्या गप्प राहण्यावर जगत होता, तिच्या गप्प राहण्यावर जेवत होता, दुसरी करत होता, तिच्या बागेतली फळं सलीमला विकत होता. आज तोंड उघडायचं म्हणजे नुसती बाग मागायची नव्हती. आणि त्याहून वाईट म्हणजे, तिला त्याचं भय वाटलं नाही, हुरूप वाटला. मग हुरूप वाटल्याचं भय वाटलं.

बाग तात्याबाची. तात्याबा तिचा बाप. डोंगराच्या पायथ्याला उगवतीकडे सिताफळीचं रान होतं, मध्ये दगडांनी बांधलेला झरा. तात्याबाला मुलगा नव्हता. मानमोडी तापाच्या साथीत आधी बायनाबाई गेली आणि तात्याबा खाटेवरून उठेना झाला, तेव्हा त्याने गावचे चार लोक बोलावून तोंडानेच सांगितलं: भिवरेला चोळी-बांगडी म्हणून आश्रुबाखालची बाग. त्या साथीत ते चार लोकही सगळे राहिले नाहीत. जे राहिले त्यांना कोर्टात यायला सांगितलं तर म्हणाले, तुझा दीर पाटील हाय बाई, आमाला तितंच नांदायचं हाय. आणि नवरा म्हणू लागला, सासऱ्याने दिलं खरं, पण ते पलीकडच्या उघड्या टेकाडाखालचं मुरमाड रान. बाग माझी, मीच वाहतो.

म्हणून मागच्या पेशीला तिला एवढंच विचारलं होतं की बापाने दिलेली बाग कोणत्या डोंगराखाली. आणि ती म्हणाली होती, वरचा.

कोर्टात हशा पिकला होता. समोरचा वकील म्हणाला होता, "उखाण्यात घ्या हवं तर, आम्ही साखर वाटू." मुन्सफ हैदराबादहून आलेला, त्याला मराठी येत नव्हतं, पेशकार त्याला उर्दूत सांगायचा. पेशकाराने लिहून घेतलं, डोंगराचं नाव वरचा. तिचे वकील राधाकिशनजी बाहेर येऊन कपाळावर हात मारत म्हणाले, "बाई, सगळेच डोंगर वर असतात. खाली असलेला एखादा दाखवा मला! सरकारी नकाशा काढावा, तर त्यात नुसता त्रिकोण, नाव नाही. मोजणीवाले आले तेव्हा तुमच्या गावात नाव सांगायला एक माणूस नव्हता?" माणसं रानात होती. विहिरीवर बायका होत्या. मोजणीवाल्याने विचारलं तेव्हा भिवरा तिथेच होती, घागर बुडवत. एकीने पदर तोंडात धरला, दुसरी म्हणाली तिला विचार, तिसरी म्हणाली मला कावून, माझं बी तेच हाय. हसून हसून घागरी भरल्या. मोजणीवाला चिडून निघून गेला.

दुपारी ती कचेरीच्या आवारात लिंबाखाली जाऊन बसली. नवऱ्याची गाडी आधीच आलेली. तो पायरीवर पाटलाबरोबर पान खात होता. गीताबाई गाडीच्या सावलीत, डोक्यावरचा पदर हनुवटीपर्यंत. पोटुशी. भिवराबाईला तिचा राग यायला हवा होता, आणि यायचाही, पण तो राग धरून ठेवायला काही सापडत नसे. पोरगी घाबरट होती आणि तिच्या टाचा फुटलेल्या होत्या. गीताबाईने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"घ्या, आक्का. ऊन लई हाय."

भिवराबाईने घेतला. पाणी प्याली. तांब्या परत दिला.

"यंदा वरच्याखाली लई फळ आलं," गीताबाई म्हणाली. लगेच तिच्या लक्षात आलं, आणि तिने जीभ चावली. फळाबद्दल बोलू नये हे लक्षात आलं तिच्या. भिवराबाईने दुसरंच ऐकलं होतं. वरच्याखाली. किती सहज म्हणाली. ही पाटोद्याकडची, तिच्या माहेरी त्याला ——— म्हणत असणार. हिनेही कुणाचा तरी हात तोंडावर खाल्ला असेल. पण हिच्या तोंडात ते अडकलेलं दिसत नव्हतं. हिने ते गिळून टाकलं होतं, पचवलं होतं, आणि आता खरोखरच तो हिचा वरचा होता. भिवराबाईला एकदम थकल्यासारखं वाटलं. एवढी वर्षं ते नाव दाताआड सांभाळलं, ते कुणासाठी?

चपराशाने पुकारा केला.

आत अंधारल्यासारखं होतं. वर पंखा ओढला जात होता आणि त्याची दोरी कुरकुरत होती. मुन्सफाला सर्दी झाली होती. राधाकिशनजी तिच्या कानाशी म्हणाले, "एकच शब्द. बाकी मी बघतो."

मुन्सफ काहीतरी म्हणाला. पेशकाराने मराठीत विचारलं.

"बाग कोणाच्या खाली आहे?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो भिंतीला टेकून उभा, गालात पान. चांगला धडधाकट. मिशीला तेल. तिला वाटलं, बघून घ्यावं, आता हा असा दिसतो. मग आ. मग जीभ वर गेली, थांबली, आणि आत कुठेतरी, घशाच्याही खाली, काही फाटलं, जुनं लुगडं दगडावर अडकून फाटावं तसं.

"आश्रुबाच्या."

पंख्याची दोरी थांबली. ओढणारा दारातून आत डोकावला. बाईने नाव घेतलं. ती नवऱ्याकडेच पाहत होती. तो पडला नाही. त्याने छाती धरली नाही. त्याने पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं.

पेशकार मुन्सफाकडे वळला आणि नीट, स्वच्छ आवाजात म्हणाला, "हुजूर, औरत खुद कहती है, बाग आश्रुबा के तहत है."

राधाकिशनजी उठले. तहत म्हणजे ताब्यात, तसं नव्हे, पायथ्याशी. माणूस नव्हे, पहाड. समोरचा वकील उठला. तो म्हणाला, "बाईंना एवढंच विचारावं, यांच्या नवऱ्याचं नाव काय."

"नवऱ्याचं नाव?" पेशकाराने विचारलं.

"आश्रुबा." दुसऱ्यांदा ते लगेच निघालं. दुसऱ्यांदा त्याला काही वजनच नव्हतं.

"आणि डोंगराचं?"

"आश्रुबा."

"मागच्या जबानीत वरचा. आज आश्रुबा. म्हणजे डोंगर वाढला का बाई, मागच्या पेशीपासून?"

हशा. मुन्सफाने नाक पुसलं आणि हाताने नवऱ्याकडे खूण केली. या माणसाला विचारा, तिथे आश्रुबा नावाचा पहाड आहे का.

आणि इथे, पंखा पुन्हा कुरकुरायला लागला असताना, भिवराबाईच्या मनात एक आशा आली, मूर्खासारखी. डोंगरावर धोंडा आहे. त्या धोंड्याला याच्या आईने नवस केला होता. हा त्याच्या पायाशी जावळ काढून आलेला. शेंदूर लागलेल्या हाताने याने लग्नात तिच्या कपाळाला कुंकू लावलेलं. बागेबद्दल खोटं बोलेल, तिच्याबद्दल खोटं बोलेल. त्याच्याबद्दल नाही बोलणार. त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही.

नवरा पुढे आला. हात जोडले.

"हुजूर, आश्रुबा मीच. दुसरा कोन न्हाई. डोंगराला आमच्यात वरचा म्हंत्यात. घरात इचारा, बायका बी तेच म्हंत्यात. हिनं बी मागं तेच सांगितलं. खरं सांगितलं बिचारीनं."

बिचारीनं. त्याने ते मायेने म्हटलं. आणि त्यातला एकही शब्द खोटा धरता येत नव्हता, हे तिला उभ्या उभ्या कळलं. तिनेच म्हटलं होतं वरचा. सकाळी म्हटलं, संध्याकाळी म्हटलं, चुलीशी, विहिरीवर, बाळंतिणीच्या खोलीत, मेलेलं पोर पुरून आल्यावर म्हटलं. त्याच्या आयुष्यासाठी. ती प्रत्येक वेळ म्हणजे त्याच्या बाजूची साक्ष होती आणि ही साक्ष ती फुकट देत आली होती.

मुन्सफ लिहीत होता. राधाकिशनजी अजून बोलत होते, पण आता ते जमिनीकडे पाहून बोलत होते. बाईचे स्वतःचे दोन्ही जबाब, पेशकार वाचत गेला, पहाड वरचा, बाग आश्रुबाच्या ताब्यात. दावा खारीज. "अंगठा करा इथं." तिने अंगठा केला. शाई कोरडी व्हायच्या आत दुसऱ्या कुणाचा पुकारा झाला.

पायरीवर ऊन पांढरं होतं. नवरा गाडीपाशी थांबला होता, जणू तिच्यासाठीच. गीताबाई वर चढून बसली होती. तो हसला. वाईट हसला असता तर बरं होतं. तो खुशीने हसला.

"लग्नात उखाण्यात घेतलंतंस. त्यानंतर आज. बरं वाटलं ऐकून."

"मी डोंगराचं घेतलं."

"लिवलं तर माझं."

तो चाकावर पाय देऊन चढला. आणि मग भिवराबाई बोलायला लागली. तिला वाटलं होतं ती रडेल, पण हे रडणं नव्हतं.

"आश्रुबा!"

लिंबाखालची माणसं वळली.

"ए आश्रुबा! सरकारात लिवलंय ना, आश्रुबा तूच? मंग थांब की. माझ्या बापाच्या झऱ्याला पानी तुज्या अंगातून येतं, व्हय रे? दाखव कुटून येतं! ढग तुज्या डोस्क्यावर थांबत्यात? शेळ्या चरत्यात तुज्या पाठीवर?"

कुणीतरी खो खो हसलं. "बोला, आश्रुबाराव, बोला!" चपराशीसुद्धा हसत होता. पाटलाने मान फिरवली. नवऱ्याच्या चेहऱ्यावरची खुशी तशीच राहिली, पण आता ती वाळली होती, भिंतीवरच्या सारवणासारखी. त्याने कासरा ओढला. बैल निघाले.

ती गाडीमागे चालत गेली. "आश्रुबा! आश्रुबा!" जितक्या वेळा घेतलं तितकं ते सोपं होत गेलं. सोपं होत होत पोकळ झालं. जीभ वर गेली की आधी तिथे काहीतरी असायचं, कडा, काटे, शेंदराचा वास. आता जीभ जात होती आणि परत येत होती आणि मध्ये पान खाल्लेलं ते एक तोंड होतं. तिला ते कळलं आणि ती रस्त्यात थांबली. लोक बाजूने जात होते. हसणारे हसून मागे राहिले होते.

गाडी बाजाराच्या अंगाला, उत्तरेला वळून दोन हातांवर गर्दीत अडली होती. गाडीकडे पाठ करून ती वळली. घरांच्या आड, नदीच्या पलीकडे, दक्षिणेला तो असायला हवा होता. इथून दिसत नव्हता. कधीच दिसला नव्हता. तिने डोळे मिटले. नवरा, कोर्ट, पेशकार, सगळं बाजूला सारून, फक्त त्याच्यासाठी, अगदी हळू, तिने एकदा हाक मारली.

"आश्रुबा."

"काय गं?" मागून, गाडीवरून, तो म्हणाला.